दाखवणी

आमच्या घरात नोटांची एक गड्डी आहे, तिला आम्ही दाखवणी म्हणतो. खर्चायची नाही, मोडायची नाही, कोणाला उसनी द्यायची नाही. फक्त दाखवायची. पलीकडच्या देशात कामाला जायचं तर सीमेवरच्या काउंटरवर माणशी ठरावीक रक्कम दाखवावी लागते. तिकडे जाऊन तुम्ही कोणाच्या दारात हात पसरणार नाही, याची त्यांना खात्री हवी असते. बँकेचं स्टेटमेंट चालतं, पण आमच्या घरात कोणाच्याही खात्यात तेवढे पैसे एका वेळी कधी थांबलेच नाहीत. म्हणून वडील, दोन काका आणि मामा या चौघांनी पोटाला चिमटा काढून सात वर्षांत ही एक गड्डी जमवली. तिला वडिलांच्या जुन्या शर्टाच्या कापडाची पट्टी बांधलेली आहे. पट्टी मीच शिवलीय.

गड्डी एक आणि माणसं ढीगभर, त्यामुळे आम्ही एक युक्ती काढली होती. सीमेवरच्या त्या हॉलमध्ये येणाऱ्यांची आणि जाणाऱ्यांची रांग एका ठिकाणी अगदी पाठीला पाठ लावून जाते. मध्ये फक्त एक दोरी. जाणाऱ्याने काउंटरवर गड्डी दाखवायची, शिक्का घ्यायचा आणि दोरीपाशी आलं की परतणाऱ्या नातेवाइकाच्या हातात ती सरकवायची. संध्याकाळपर्यंत गड्डी घरी. त्यासाठी एक जण जायच्या दिवशी दुसऱ्याने परतायचं, असा आमच्याकडे नेमच होता. नव्या नवरीला स्वयंपाक येतो का हे विचारायच्या आधी आमच्याकडे तिला खांदा न हलवता वस्तू सरकवायला शिकवायचे.

आणि गंमत म्हणजे काउंटरवर पैसे विचारतीलच असंही नाही. कधी विचारतात, कधी हात हलवून पुढे जा म्हणतात. का, ते देवाला ठाऊक. थोरल्या काकांचं म्हणणं, निळा शर्ट घातला की विचारत नाहीत. मामा म्हणायचा, मिशी असली की विचारतात, आणि प्रत्येक वेळी जाताना मिशी काढायचा. मामीला तो बिनमिशीचा बघवत नसे, म्हणून ती त्या दोन दिवसांत त्याच्याशी बोलायचीच नाही.

धाकटा गेला त्याला चौदा महिने झाले होते. धाकटा म्हणजे माझा भाऊ, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, त्या वेळी सव्वीस वर्षांचा. त्याच दिवशी मावसभाऊ तिकडून परतत होता. दोरीपाशी धाकट्याने त्याच्या हातात गड्डी सरकवली, हसला आणि पुढे गेला, एवढं मावसभावाने पाहिलं. गड्डी घरी आली. धाकट्याचा मात्र एकही फोन आला नाही. ज्या कारखान्यात तो लागणार होता तिथे विचारलं, तर ते म्हणाले, आलाच नाही. आमच्याकडे अशी पोरं होऊन गेली आहेत. जास्त पगाराची दुसरी नोकरी पकडतात, एखादी बाई भेटते, आणि मग घर आठवत नाही. मी त्याला रोज बोटं मोडून शिव्या देत होते. शिलाई मशीनवर बसलं की पायाच्या प्रत्येक झोक्याबरोबर एक.

आईने मात्र त्याला एका शब्दानेही बोल लावला नाही. आईला धाकटा म्हणजे जीव की प्राण. वडील गेल्यावर घर मी चालवलं, शाळांचे गणवेश शिवून, डोळे फुटेस्तोवर. पण खिडकीत उभं राहून वाट बघायची ती त्याची. मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं हे सांगायची लाज वाटायची, म्हणून मी ओरडायची.

मग आईने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, दहा-बारा दिवस. आत गेले तर आई म्हणाली, "धाकट्याला आण गं." मी म्हटलं, "कान धरून आणते." मावशीला आईपाशी बसवलं, दाखवणी पर्सच्या आतल्या कप्प्यात घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सीमेवर पोचले. परतणारं कोणी नव्हतं. गड्डी मीच नेणार आणि धाकट्यासकट मीच आणणार, असा माझा हिशेब होता.

काउंटरवरच्या माणसाने गड्डीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. जांभई दिली, शिक्का मारला. मी दोरीपाशी आले, तेव्हा घरातल्या सवयीने माझा हात पर्सकडे गेला, पण पलीकडे आमचं कोणी नव्हतं. तिथून दहा पावलांवर बाहेरचं दार होतं. उन्हाचा पट्टा फरशीवर पडलेला दिसत होता. त्या पट्ट्याच्या अलीकडे गणवेशातली एक बाई उभी होती. ती म्हणाली, "जरा बाजूला या. पैसे दाखवा."

"आत्ता तर दाखवले तिकडे."

"मलाही दाखवा."

आमच्या घरातल्या कोणालाही दोरीच्या पुढे कधी अडवलेलं मी ऐकलं नव्हतं. मी गड्डी काढली. बाईने ती हातात घेतली, मोजली नाही, कापडाच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. ओळखीचं माणूस भेटावं तशी हसली आणि गड्डी मला परत दिली. "आत बसा थोडं," ती म्हणाली. तिने भिंतीतलं एक दार उघडलं. भिंतीच्याच रंगाचं दार होतं. मी त्या हॉलबद्दल लहानपणापासून ऐकत आले होते, पण तिथे दार आहे हे आमच्यात कोणी कधी बोललं नव्हतं.

आत एक लांबट खोली होती. फरशीला बोल्टने आवळलेल्या खुर्च्यांच्या चार रांगा, कोपऱ्यात चहाचं मशीन, समोरच्या भिंतीत एक खिडकी आणि तिच्यावर खाली ओढलेलं शटर. खिडकीच्या दोन बाजूंना दोन दारं, एकावर 'प्रवेश', दुसऱ्यावर 'परत'. वीस-पंचवीस माणसं बसली होती. कोणी रडत नव्हतं, कोणी वैतागलेलं नव्हतं. दवाखान्यात आपला नंबर पुढचाच आहे असं वाटल्यावर माणूस बसतो तशी सगळी बसली होती.

मी माणसाकडे बघते म्हणजे आधी त्याच्या कपड्यांकडे बघते, तो माझा धंदाच आहे. पहिल्या रांगेतल्या माणसाच्या पँटचा घेर एवढा मोठा होता की त्यात माझ्या दोन पँटी निघाल्या असत्या. असा घेर माझ्या वडिलांनी तरुणपणी घातला होता, त्यांच्या फोटोत आहे. म्हटलं, असेल हौस. पण पँट नवी कोरी होती, गुडघ्यावर दुकानातल्या घडीची रेघ तशीच. त्याच्या मागे एक बाई बाळाला घेऊन बसली होती. बाळाच्या झबल्याला छातीवर हाताने घातलेल्या बारीक चुण्या. माझ्या आजीला यायच्या तशा. मला त्या शिकायच्या होत्या, पण मी मोठी होईपर्यंत शिकवणारं कोणी उरलं नव्हतं. आणखी मागे एका म्हाताऱ्याच्या शर्टाला कॉलर सुटी होती, बटणाने वर लावलेली. तशा कॉलरबद्दल मी फक्त ऐकून होते. मी एकेकावरून नजर फिरवत गेले. खोलीत वेगवेगळ्या काळातले कपडे बसले होते, आणि सगळे नवे होते.

शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, धाकटा बसला होता.

"ताई!" तो उठला. "तू कशी काय? आणि मला सांगितलं पण नाहीस! मी फोनच करणार होतो, इथे रेंज नाही."

मी त्याच्या फाडकन मुस्कटात ठेवून दिली. खोलीतली दोन-तीन डोकी वळली आणि परत सरळ झाली. धाकटा गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

"अगं, पण केलं काय मी?"

"चौदा महिने," मी म्हटलं. "चौदा महिने एक फोन नाही. आई तिकडे..."

"कसले चौदा महिने?" तो म्हणाला. "बरी आहेस ना तू? मावसदादाला गड्डी दिली, दहा पावलं गेलो, तर ती बाई म्हणाली पैसे दाखवा. आता कुठून दाखवू? म्हणाली, आत बसा. झाला असेल अर्धा-पाऊण तास. चहा पण संपला नाही माझा."

त्याच्या हातातल्या कागदी कपातून वाफ येत होती. मी त्याच्याकडे बघितलं, म्हणजे त्याच्या शर्टाकडे. तो शर्ट तो निघाला त्या दिवशी सकाळी मी घाईघाईत शिवून दिला होता. बाहीवर माझ्या इस्त्रीची घडी तशीच होती. आणि खाली, शिवणीच्या कडेला, माझ्या खडूची पांढरी खूण होती. कपड्यावरचा खडू दिवसभर टिकत नाही. बसता-उठता झडून जातो. मी बोटाने पुसली तर ती बोटावर आली.

मी त्याच्या शेजारी बसले. त्याने माझ्यासाठी चहा आणला. तो माझी समजूत काढत होता, मला प्रवासाचा शीण झालाय असं त्याला वाटत होतं. मी त्याला आईचं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. त्याचा चेहरा एवढासा झाला.

"पण आई आज सकाळी तर... दारापर्यंत आली होती सोडायला."

"आज नाही रे ते," मी म्हटलं, आणि आता मला रडू यायला लागलं.

पुढच्या रांगेतला घेरदार पँटवाला मागे वळला. "तुमच्याकडे आहेत वाटतं," तो माझ्या पर्सकडे बघून म्हणाला. हेवा नव्हता त्याच्या बोलण्यात, नुसती चौकशी होती. "मग तुमचा चहा निवेल. आमचा निवत नाही."

मी माझा कप हातात घेतला. कोमट झाला होता. धाकट्याचा तसाच कढत. मी माझ्या घड्याळात बघितलं, सेकंदकाटा नीट चालला होता. त्याचं मनगट ओढून बघितलं, काटा सातवर थांबलेला. मी पर्समधून गड्डी काढली आणि त्याच्या हातात दिली. त्याच्या घड्याळाचा काटा आठवर गेला, नववर गेला. माझा थांबला. मी गड्डी हिसकावून घेतली. माझा सुरू झाला, त्याचा थांबला.  मी परत एकदा करून बघितलं. मला कळायचं ते कळलं होतं, तरीही बघितलं.

बाळाची आई आमच्याकडे बघत होती. "सेल संपला असेल घड्याळातला," ती म्हणाली. मी तिला विचारलं, बाळ किती महिन्यांचं? "पाच," ती म्हणाली. "याचे बाबा पैसे घेऊन येताहेत मागून." मी मान फिरवली.

उठले आणि शटरवर मूठ आपटली. शटर वर गेलं. आत एक टक्कल पडलेला माणूस पेन्सिलीला टोक करत बसला होता. कंटाळलेला होता, पण उद्धट नव्हता.

"हा माझा भाऊ. आम्हाला परत जायचंय. प्रवेशच नको. आई आजारी आहे." मी गड्डी खिडकीच्या फळीवर ठेवली.

"माणशी," तो म्हणाला.

"अहो, आम्ही आत येतच नाही आहोत! घरी जातोय, आमच्या!"

"परत जायलासुद्धा ऐपत दाखवावी लागते. वाटेत खाल काय, गाडीभाडं कुठून द्याल?" त्याने गड्डीवरून अंगठा फिरवला. त्या बाईसारखाच. "हे एकाचे आहेत."

"म्हणजे तुम्ही माणसांना असं कोंडून ठेवणार?"

त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "इथे कोणालाही कोंडलेलं नाही, मॅडम. दारांना कडी नाही, कुलूप नाही. पैसे दाखवायचे आणि जायचं. कोणालाही विचारा, आम्ही कधी कोणाला जा म्हटलेलं नाही की थांब म्हटलेलं नाही."

मी 'परत'च्या दाराकडे गेले, गड्डी फळीवरच ठेवून, आणि ढकललं. हललं नाही. कडी नव्हती हे खरं होतं. नुसतं हललं नाही. खिडकीत परत येऊन गड्डी उचलली आणि त्याला म्हटलं, "मी बाहेर जाऊन याच्यासाठी दुसरे पैसे घेऊन आले, तर मला परत या खोलीत सोडाल ना?"

"खोलीत कोणी सोडत नाही. तपासणीत जे बाजूला निघतील ते येतात."

"आणि तपासणीत कोण निघतं?"

तो विचार करत बसला. मला वाटतं हा प्रश्न त्याला आधी कोणी विचारला नव्हता. "जे निघतात ते," तो म्हणाला, आणि शटर खाली आलं.

धाकटा सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "ताई, तू जा. आईपाशी तू पाहिजेस. मला इथे काही त्रास नाही."

त्याला काही त्रास नव्हता, तीच तर भीती होती. मी बाहेर गेले असते तर दुसरी गड्डी जमवायला मला किती वर्षं लागली असती? चौघांना सात लागली होती. आणि ती जमवून मी रांगेत उभी राहिले असते, तर हात हलवून मला पुढे घालवलं असतं, निळा शर्ट न घालतासुद्धा. पण खरं सांगायचं तर मी एवढा विचार केला नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, आई खिडकीकडे तोंड करून पडलीय आणि दार उघडून मी एकटीच आत जातेय. ते मला झेपणारं नव्हतं.

"आईला तू हवा आहेस," मी म्हटलं. "मी गेले तर विचारेल, तो कुठाय. मी काय सांगू? चहा पीत बसलाय?"

"पण तू इथे..."

"मला बसायची सवय आहे. मशीनवर आठ-आठ तास बसते. ऊठ."

तो उठत नव्हता. मी त्याला दंडाला धरून उठवला. शर्टाची कॉलर नीट केली, खडूची उरलेली खूण झटकली. त्याला म्हटलं, आईला भेट, चार घास भरव तिला, आणि मग गड्डी घेऊन ये. तो म्हणाला, "एवढं कशाला? खिडकीत दाखवतो, दार उघडलं की मागच्या मागे तुझ्याकडे सरकवतो. नेहमीसारखं."

"त्याच हुशारीने बसलायस ना इथे?"

"एकदा बघू तर. तू दाराला चिकटून उभी राहा. दहा मिनिटांत दोघं बाहेर."

शटर वर गेलं. धाकट्याने गड्डी दाखवली. टक्कलवाल्याने मान हलवली, गड्डी त्याला परत दिली, आणि 'परत'चं दार आपसूक उघडलं. बाहेरचा हॉल दिसला, दोरी दिसली, माणसांचा गलका ऐकू आला. मी दाराच्या चौकटीला खेटून उभी होते. धाकटा बाहेर पडला, अर्धा वळला, आणि त्याने हात मागे केला. आमच्या घरात शिकवतात तसा, खांदा न हलवता. गड्डीचं कापड माझ्या बोटांना लागलं. तेवढ्यात बाहेर उभ्या असलेल्या त्याच बाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला, अगदी हलका, गर्दीत म्हाताऱ्या माणसाला पुढे करावं तसा. आणि दार लागलं.

मी घड्याळात बघितलं नाही. मला बघायचं नव्हतं. धाकट्याच्या खुर्चीवर जाऊन बसले. त्याचा कप तिथेच होता, अजून वाफाळलेला. माझा कोमट चहा हातात घेतला. तो आता निवणार नव्हता आणि गरमही होणार नव्हता. कोमट चहाइतकं मला दुसरं काही नकोसं वाटत नाही. म्हटलं, आता भोगा.

बाळाच्या आईने विचारलं, "गेले का ते?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "येतील लगेच." तिला बरं वाटावं म्हणून मी झबल्याच्या चुण्यांचं विचारलं. तिने बाळ मांडीवर आडवं केलं आणि मला दाखवू लागली: दोरा आधी सैल घालून घ्यायचा, मग एक आड एक टाका ओढायचा. मी वाकून बघत होते. तिने चौथी चुणी दाखवली असेल नसेल, आणि मी ज्या दाराने आत आले होते ते उघडलं.

एक बाई आत आली. मी आधी तिच्या कोटाकडे बघितलं. त्याला शिवण नव्हती. खांद्याला नाही, बाहीला नाही, कुठेच नाही, अख्खा कोट एका तुकड्याचा. असं कापड मी कधी पाहिलं नव्हतं आणि असा कोट कसा करतात ते मला आजही सांगता येणार नाही. ती दारातच उभी राहून एकेक चेहरा बघत होती. तिला धाप लागली होती. मग तिची नजर माझ्यावर आली आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"आत्या?"

नाक धाकट्याचं होतं. भुवया माझ्या आईच्या. वयाने माझ्याहून वर्ष-दोन वर्षांनी लहान असेल, जास्त नाही.

मी म्हटलं, "दहा मिनिटं म्हणाला होता तो." 

ती माझ्यासमोर फरशीवर बसली आणि तिने माझे दोन्ही हात धरले. रडत होती आणि भरभर बोलत होती, कोणी मध्येच थांबवेल अशी भीती असल्यासारखी. "बाबा दर महिन्याला आले हो. दर महिन्याला. रांगेत उभे राहायचे, दोन-दोन गड्ड्या घेऊन. एकदाही अडवलं नाही त्यांना. मुद्दाम घाबरल्यासारखं करायचे, खिसे चाचपायचे, उलटसुलट उत्तरं द्यायचे. तरी हात हलवून पुढे घालवायचे. त्या बाईच्या हातापाया पडले, ती म्हणाली, इथे खोलीच नाही. दोनदा पोलिसांनी धरून नेलं त्यांना. आमच्या घरात आता सगळेच दोन गड्ड्या घेऊन फिरतात, आत्या, एक स्वतःची, एक तुमची. तिकडे काम नसलं तरी जातात. छत्तीस वर्षं झाली. मी तर आज पहिल्यांदा आले. माझी पहिली खेप."

"तो आहे का?"

"आहेत. हॉलमध्ये बाकावर बसलेत. रिटायर झाल्यापासून रोज इथेच असतात. चला तुम्ही, उठा आधी." तिने पिशवीतून दोन गड्ड्या काढल्या. नोटा माझ्या ओळखीच्या नव्हत्या, रंगच वेगळे होते. एक तिने माझ्या हातात दिली. माझ्या घड्याळाची बारीक टिकटिक मला हाताच्या कातडीला जाणवली.

उठताना मी बाळाच्या आईकडे बघितलं नाही. मला लाज वाटली. तिने अजून झबल्याची ती चुणी चिमटीत धरून ठेवली होती, माझ्यासाठी.

शटर वर गेलं. आत टक्कलवाला नव्हता, एक कोवळा मुलगा होता, पण पेन्सिलीला टोक तसंच करत होता. त्याने दोन्ही गड्ड्यांवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. 'परत'चं दार उघडलं. बाहेरचा उजेड भाचीच्या तोंडावर पडला. तिथेच, उंबऱ्यात, मी तिचा हात धरून तिला थांबवलं. जे विचारायचं होतं ते अजून विचारलंच नव्हतं.

"आई?"

भाचीने खाली बघितलं. "बाबा त्याच संध्याकाळी पोचले. आजींनी ओळखलं त्यांना. नऊ दिवस होत्या मग."

"त्याच्या हातचं जेवली?"

"हो."

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, पोचला तर खरा. आईला पाहिजे होता तो मिळाला तिला. मी पाऊल पुढे टाकलं, पण भाचीने माझा हात सोडला नाही.

"बाबा म्हणतात, ते घरी पोचले तेव्हा आजींनी त्यांना जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला. आणि मग दाराकडे बघायला लागल्या. बाबा म्हणाले, आई, मी आलोय ना आता. तर म्हणाल्या, तू आलास रे, थोरली कुठाय? नऊ दिवस तेच. बाबा सांगायचे, रांगेत आहे, येतेच दहा मिनिटांत.  थोड्या वेळाने परत, थोरली आली का?"

"खोटं बोलतेस," मी म्हटलं. "तुला त्याने शिकवलंय असं सांगायला. तिला तोच हवा होता. मला माहीत आहे ना. मी होते ना घरात, तू नव्हतीस."

 आमच्या मागे दार लागायला लागलं, म्हणून तिने मला ओढून बाहेर घेतलं. हॉलच्या टोकाला, बाकावरून, एक म्हातारा माणूस काठी टेकत उठत होता. तो माझ्याकडे यायला निघाला होता, आणि मी भर हॉलमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांत उभी राहून, मोठ्याने, आईला हाका मारत रडत होते.